म्हणींतील रेडा आणि आळे येथील समाधी

जुन्नर तालुक्यातील आळे या गावी रेड्याची समाधी आहे. पैठण येथे ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले, तोच हा रेडा. भावंडे परतत असता त्याने येथे देह ठेवला, अशी परंपरागत श्रद्धा आहे. या प्रसंगाचा उल्लेख ज्ञानेश्वरीत नाही. महिपतीच्या ‘भक्तविजया’त (१७६२) मात्र तो विस्ताराने येतो. एवढ्यावरून घटनेच्या ऐतिहासिकतेचा निर्णय करता येत नाही. परंतु लोकमानसाचा इतिहास पाहू जाता दुसराच प्रश्न महत्त्वाचा ठरतो : ज्या समाजाने रेड्याची समाधी पूजिली, त्याच्या नित्याच्या बोलण्यात रेड्याचे स्थान कोणते होते?

म्हणींचे उत्तर सर्वस्वी निराळे आहे. ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ ही म्हण भलत्याच ठिकाणी केलेल्या उपायास उद्देशून योजतात. तिचा मूळ संदर्भ पाणक्याच्या व्यवसायाचा होय. पखाल म्हणजे पाणी वाहण्याची कातडी पिशवी. ती रेड्याच्या पाठीवर लादून घरोघर पाणी पोचविले जाई. नळ आले, पखाल गेली. म्हण तेवढी उरली. येथे रेडा आहे तो केवळ ओझ्याचा धनी.

‘गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता’ ही म्हण याहून पुढे जाते. तिचा रोख जनावरावर नसून माणसावर असतो. अनधिकाऱ्यापुढे शास्त्र व्यर्थ, हे तीत गृहीत धरलेले आहे. पैठणची कथा नेमके हेच गृहीत नाकारते : ओझे वाहणाऱ्या मुक्या प्राण्याच्या मुखीही वेद असू शकतो.

मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती (१८५७), मॅनवेअरिंगचा म्हणींचा संग्रह (१८९९) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ (१९४२-४७) ही या अभ्यासाची प्रमुख साधने होत. तथापि संग्रहातील नोंद म्हणीचा जन्मकाळ सांगत नाही. त्या काळी ती प्रचलित होती, इतकेच सिद्ध करते. शिवाय ती कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगी ऐकविली, हे कोशातून बहुधा गळून पडते.

म्हणून म्हणींनाच लोकांचा एकमेव आवाज मानणे युक्त नव्हे. म्हण रूढ व्यवहाराची साक्ष देते. त्या व्यवहाराविषयीचे असमाधान पुष्कळदा कथेत आणि स्थळमाहात्म्यात साठविलेले असते. आळे येथील समाधी हा अशा असमाधानाचाच पुरावा होय. दोन्ही साक्षी एकत्र वाचल्याखेरीज इतिहासकाराचे काम पुरे होत नाही.