रुबिकॉन ट्रेलवरील प्रदूषण

रुबिकॉन ट्रेल हा अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेवाडा पर्वतरांगेतून जाणारा, फोर-व्हील ड्राइव्ह वाहनांच्या चालकांमध्ये प्रसिद्ध असलेला दुर्गम मार्ग आहे. तो ताहो सरोवराच्या पश्चिमेस एल डोराडो व प्लेसर या काउंट्यांमधून जातो. त्याची एकूण लांबी सुमारे ३५ किमी असून त्यांपैकी सुमारे १९ किमीचा भाग मोठमोठ्या खडकांचा व अत्यंत अवघड आहे. वाहनांची संख्या वाढत गेल्याने मार्गालगत कचरा, मानवी विष्ठा, सांडलेले तेल आणि मातीची धूप या समस्या गंभीर झाल्या. २००९ मध्ये जलगुणवत्ता मंडळाने त्याबाबत स्वच्छतेचा आदेश काढला. त्यानंतर मार्ग कायमचा बंद न करता प्रदूषण आटोक्यात आणण्याचे प्रयत्न करण्यात आले.

पार्श्वभूमी

या मार्गाचा वापर मोटारगाड्यांच्या काळापूर्वीपासून होत आहे. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात रुबिकॉन स्प्रिंग्ज येथील खनिजयुक्त पाण्याच्या झऱ्यांजवळ पर्यटकांसाठी हॉटेल होते व तेथे घोडागाडीने जाता येई. १८८७ मध्ये एल डोराडो काउंटीने हा रस्ता सार्वजनिक म्हणून घोषित केला. पुढे हॉटेल बंद पडले आणि रस्त्याची देखभालही थांबली. मात्र त्याचा सार्वजनिक दर्जा कायम राहिला.

१९५३ मध्ये जॉर्जटाउन येथील रहिवाशांनी या मार्गावर पहिली 'जीपर्स जंबोरी' ही सामूहिक सफर आयोजित केली. तीत ५५ जीपगाड्या व सुमारे १५५ लोक सहभागी झाले होते. ही सफर दरवर्षी होऊ लागली व मार्गाची ख्याती देशभर पसरली. २००३ पासून जीप कंपनीने आपल्या रँग्लर गाडीच्या एका प्रकाराला 'रुबिकॉन' हे नाव दिले.

मार्गाचा बराचसा भाग एल डोराडो राष्ट्रीय वनातून जातो, काही भाग खासगी जमिनींतून जातो, तर रस्ता म्हणून तो काउंटीच्या अखत्यारीत येतो. जबाबदारी अशी विभागलेली असल्याने देखभाल नेमकी कोणी करावी, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला.

हानीचे स्वरूप

घनकचरा: मुक्कामाच्या जागी डबे, बाटल्या, शेकोटीतील अर्धवट जळलेले प्लॅस्टिक, तसेच वाहनांचे तुटलेले सुटे भाग मागे टाकले जात. अवघड भागात कचरागाडी पोहोचू शकत नाही. त्यामुळे तेथे नेलेली प्रत्येक वस्तू परत आणण्याची जबाबदारी प्रवाशावरच येते.

मानवी विष्ठा: दुर्गम प्रदेशात पाण्यापासून सुमारे ६० मीटर दूर, १५ ते २० सेंमी खोल खड्डा करून विष्ठा पुरावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. रुबिकॉनच्या परिसरात ग्रॅनाइटच्या कातळावर मातीचा थर अतिशय पातळ आहे. अनेक ठिकाणी असा खड्डा खणताच येत नाही. शिवाय उंचीवरील थंड हवामानामुळे विष्ठेचे विघटन मंदगतीने होते. उन्हाळ्यातील सुट्यांच्या दिवसांत शेकडो लोक एकाच तळ्याकाठी मुक्काम करत, तेव्हा या संकेताचा उपयोग उरत नसे.

तेलगळती: खडकांवरून गाडी नेताना ऑइल पॅन किंवा डिफरन्शियलचे आवरण खडकावर आपटून फुटते. गाडी उलटल्यास इंधन, शीतक द्रव व बॅटरीतील आम्लही सांडते. कातळावर पडलेले तेल मुरत नाही. पाऊस व वितळणारा बर्फ ते वाहून ओढ्यांत नेतात.

धूप: बर्फ वितळण्याच्या काळात माती पाण्याने संपृक्त असते. अशा वेळी चाकांमुळे खोल चर पडतात, पाणी त्यांतूनच वाहू लागते व गाळ जलप्रवाहांत जातो. अवघड खडक टाळण्यासाठी चालकांनी बाजूने काढलेल्या वाटांमुळे उघड्या जमिनीचे क्षेत्र वाढते. रुबिकॉन नदी अमेरिकन नदीच्या मध्य शाखेस मिळत असल्याने या प्रदूषणाचा संबंध खालच्या पाणलोट क्षेत्राशीही येतो.

स्पायडर लेक व २००९ चा आदेश

मार्गावरील स्पायडर लेक हे लोकप्रिय मुक्कामाचे ठिकाण होते. तेथे साचलेल्या मानवी विष्ठेमुळे आरोग्यास धोका निर्माण झाल्याने २००४ मध्ये काउंटीने तो परिसर बंद केला.

एप्रिल २००९ मध्ये सेंट्रल व्हॅली प्रादेशिक जलगुणवत्ता नियंत्रण मंडळाने एल डोराडो काउंटी व अमेरिकेची वनसेवा या दोघांना स्वच्छता व प्रदूषण-निवारणाचा आदेश दिला. गाळ, तेलजन्य पदार्थ व मानवी विष्ठा या तिन्हींबाबत योजना आखून त्या अमलात आणण्याचे बंधन त्यांच्यावर आले. प्रदूषण करणारे प्रवासी असले, तरी रस्ता व जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्या संस्थांना या आदेशाने उत्तरदायी ठरवले.

उपाययोजना

आदेशानंतर चढउतारांवर पाणी बाजूला वळवणारे आडवे उथळ चर काढण्यात आले, गाळ अडवण्यासाठी खड्डे करण्यात आले व प्रवाह ओलांडण्याच्या जागा दगडांनी पक्क्या करण्यात आल्या. एलिस क्रीक या ओढ्यावर पूल बांधल्यामुळे वाहनांना पाण्यातून जाण्याची गरज राहिली नाही. माती संपृक्त असताना मार्ग तात्पुरता बंद ठेवण्याची तरतूद करण्यात आली. २०१२ मध्ये वनसेवेने आपल्या जमिनीवरील मार्गासाठी काउंटीला वहिवाटीचा हक्क देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे मार्गाची हद्द व देखभालीची जबाबदारी अधिक स्पष्ट झाली.

शौचालये उभारण्याबरोबरच विष्ठा बंद पिशवीतून परत नेण्याची पद्धत रूढ करण्यात आली. लून लेकजवळील माहिती केंद्रातून प्रवाशांना नियमांची माहिती दिली जाते. गळलेले तेल टिपून घेणारे शोषक साहित्य प्रत्येक वाहनात ठेवावे, असा आग्रह धरला जातो.

या कामात 'फ्रेंड्स ऑफ द रुबिकॉन' व 'रुबिकॉन ट्रेल फाउंडेशन' या चालकांच्या संघटनांचा मोठा वाटा आहे. त्यांचे स्वयंसेवक कचरा गोळा करणे, अनधिकृत वाटा बुजवणे व चरांची दुरुस्ती ही कामे करतात.

मतभेद

पाणलोट क्षेत्राच्या रक्षणासाठी वाहनांवर कठोर निर्बंध घालावेत किंवा मार्ग बंद करावा, अशी मागणी काही पर्यावरणवाद्यांनी केली. मार्ग खुला राहावा असे म्हणणाऱ्यांच्या मते हा १८८७ पासूनचा सार्वजनिक रस्ता असून, तो बंद केल्यास वाहने इतरत्र वळतील व तेथे तीच हानी होईल. खुला राहिलेल्या मार्गाला मात्र सततची देखभाल लागते. चर दरवर्षी बर्फ व गाळाने भरतात, शौचालये वेळोवेळी रिकामी करावी लागतात व नव्याने येणाऱ्या प्रवाशांना नियम पुन्हा सांगावे लागतात.

हेही पाहा

सिएरा नेवाडा
ताहो सरोवर
मृदाधूप
जलप्रदूषण