रिंगण मोडणारा खेळ आणि त्याची नक्कल

१३ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेतील बर्कली येथे ओरेगॉन आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या फुटबॉल संघांचा सामना झाला. त्या हंगामात ओरेगॉनचा संघ सामन्यामागे सरासरी ४७ गुण करीत होता. त्या दिवशी मात्र तो १५-१३ असा कसाबसा जिंकला. सामन्यात कॅलिफोर्नियाचा एक खेळाडू काही लागलेले नसताना मैदानावर आडवा झाला. पडण्याची सूचना आपणच दिली होती, असे पुढे त्याच संघाच्या एका प्रशिक्षकाने कबूल केले आणि विद्यापीठाने त्याला एका सामन्यापुरते निलंबित केले. धडधाकट मुलाला जखमी झाल्याचे सोंग का करावे लागले? या प्रश्नाच्या मागे गेल्यावर जो इतिहास हाती लागला, तो येथे मांडतो.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. चेंडू लंबगोल असतो आणि तो हातात घेऊन पळायचे असते किंवा पुढे फेकायचा असतो. दोन्हीकडे अकरा गडी. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. जमले की पुन्हा नवे चार प्रयत्न. दर दोन प्रयत्नांमध्ये थोडा विराम असतो. त्या वेळात आक्रमक संघ डोकी जुळवून रिंगण करतो आणि पुढची चाल ठरवतो. या रिंगणाला ‘हडल’ म्हणतात. तेवढ्यात बचाव करणारेही दम खातात आणि थकलेल्यांच्या जागी ताजे गडी आणतात.

आता समजा, आक्रमक संघाने रिंगणच केले नाही. तेच अकरा जण ठेवून त्याने लगेच पुढची चाल सुरू केली, तर बचावाला गडी बदलायला सवडच मिळत नाही. आक्रमणाने गडी बदलला तरच बचावाला बदलासाठी वेळ द्यावा, असा नियम आहे. थकलेला धिप्पाड बचावपटू मग जागच्या जागी अडकतो. खेळ थांबवण्याचा एक उपाय म्हणजे कुणीतरी जखमी होऊन पडणे. बर्कलीला तेच झाले.

ही युक्ती मोठ्या संघांची नव्हती. सामना संपत आल्यावर पिछाडीवरचा संघ घाईने खेळतो, हे जुनेच होते. १९९० च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातील ग्लेनव्हिल स्टेट या लहानशा कॉलेजात रिच रॉड्रिगेझ या प्रशिक्षकाने ती घाई सबंध सामनाभर वापरली. ताकदीचे गडी मिळणार नाहीत, तेव्हा वेगाने दमवायचे, हा हिशेब. तो पुढे क्लेमसन विद्यापीठात गेला, तेव्हा नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे प्रशिक्षक त्याच्याकडे जाऊन ही पद्धत शिकून आले. २००० साली नॉर्थवेस्टर्नने बलाढ्य मिशिगनला ५४-५१ असे हरवले. त्या शिकून आलेल्यांपैकी केविन विल्सन पुढे ओक्लाहोमाला गेला आणि २००८ साली ओक्लाहोमाने एका हंगामात ७१६ गुणांचा उच्चांक केला. दुसरीकडे आर्कान्सा राज्यात हायस्कूलची मुले शिकवणाऱ्या गस मालझान याने २००३ मध्ये या पद्धतीवर चक्क पुस्तक लिहिले. पुढे तो ऑबर्न विद्यापीठाच्या आक्रमणाचा प्रशिक्षक झाला आणि जानेवारी २०११ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात ऑबर्नने ओरेगॉनलाच २२-१९ असे हरवले. दोन्ही संघ रिंगण मोडणारेच.

म्हणजे यात गुपित असे काही नव्हते. पद्धत माणसांबरोबर फिरली. नोकरी बदलली की प्रशिक्षक ती सोबत नेई. विचारायला आलेल्याला सांगितलीही जाई. १९९६ च्या क्रिकेट विश्वचषकात जयसूर्या आणि कालुवितरणा यांनी पहिल्या पंधरा षटकांत जे केले, ते पुढे सगळ्याच संघांनी उचलले, त्यातला हा प्रकार. तिथे क्षेत्ररक्षणाच्या नियमात जागा होती. इथे ती घड्याळात होती. २००८ पूर्वी पंचाने खूण केल्यावर पुढच्या चालीचे २५ सेकंद सुरू होत. त्या वर्षापासून आधीची चाल संपताच ४० सेकंद मोजले जाऊ लागले. पंचाने चेंडू जागेवर ठेवला की आक्रमण मोकळे. वेगाची सूत्रे त्याच्याच हाती आली.

सर्वांत बोलका प्रसंग अलाबामा विद्यापीठाचा आहे. प्रशिक्षक निक सेबन यांचा संघ संथ, शिस्तीचा, ताकदीचा. नोव्हेंबर २०१२ मध्ये टेक्सस ए अँड एम या वेगवान संघाने त्यांना त्यांच्याच मैदानावर २९-२४ असे हरवले. पुढच्या वर्षी ऑबर्नने ३४-२८. सेबन यांनी २०१२ पासूनच या वेगावर जाहीर शंका घेतली होती, की खेळाला हेच रूप द्यायचे आहे का, आणि चाली वाढल्या तर दुखापती वाढणार नाहीत का. फेब्रुवारी २०१४ मध्ये नियम समितीपुढे प्रस्ताव आला, की पहिले दहा सेकंद चेंडू खेळात आणू नये, म्हणजे बचावाला गडी बदलता येतील. सेबन समितीशी बोलले होते. वेगवान संघांच्या प्रशिक्षकांनी गदारोळ केला, आकडे मागितले. भक्कम आकडे पुढे आले नाहीत आणि मार्चमध्ये प्रस्ताव बाजूला ठेवला गेला.

गंमत अशी, की प्रस्ताव येण्याआधीच, जानेवारीत, सेबन यांनी लेन किफिन यांना आक्रमणाची जबाबदारी देऊन आपल्या संघाचा वेग वाढवायला घेतला होता. त्या वर्षीच्या सामन्यात अलाबामाने ऑबर्नला ५५-४४ असे हरवले. एका हाताने वेग अडवायचा, दुसऱ्या हाताने तोच शिकायचा! मला यात ढोंगापेक्षा व्यवहार अधिक दिसतो. नियम बदलो वा न बदलो, संघ तयार हवा.

पण सेबन यांचा प्रश्न स्वार्थातून आला म्हणून खोटा ठरत नाही. नक्कल सर्वत्र झाल्यावर वेगाचा फायदा कुणा एकाचा राहिला नाही. वाढलेल्या चाली मात्र सर्वांच्या वाट्याला आल्या. त्या खेळणाऱ्या मुलांना तेव्हा पगार नव्हता, फक्त शिष्यवृत्ती होती. प्रशिक्षकांना लाखो डॉलर मिळत. बर्कलीच्या सोंगाने आणखी एक नुकसान केले. त्यानंतर खरोखर जखमी होऊन पडलेल्या मुलाकडेही प्रेक्षक संशयाने पाहू लागले.

शेवटी रिंगणाविषयी. १८९० च्या दशकात गॅलॉडेट या मूकबधिरांच्या कॉलेजातील पॉल हबर्ड या खेळाडूने हडल सुरू केले, असे मानतात. समोरच्या मूकबधिर संघाला हातांच्या खुणा दिसू नयेत, एवढाच हेतू. ओरेगॉनने रिंगण मोडले, तेव्हा चाली पुन्हा खुणांनी सांगाव्या लागल्या; त्यासाठी मैदानाच्या कडेला चित्रांचे फलक उंचावले जात. जे लपवायला रिंगण जन्मले, ते उघड्यावर आले आणि खुणा चोरण्याचे वादही आले. २०२४ पासून मोठ्या महाविद्यालयीन संघांतल्या एका खेळाडूच्या शिरस्त्राणात प्रशिक्षकाचा आवाज ऐकू येईल, अशी परवानगी मिळाली. चाल सांगण्याची सोय झाली. चाली किती असाव्यात, हे खेळणाऱ्या मुलांना कुणी विचारायचे, तो प्रश्न तसाच आहे.