रोझेटाचा सेतू : मॅकिंटॉश संगणकाचा प्रोसेसर-बदल आणि मागे राहिलेली सॉफ्टवेअर (१९९४ ते २०२५)

प्रस्तावना :
तंत्रज्ञानाच्या इतिहासात नव्या शोधांची नोंद आवर्जून केली जाते. त्या शोधांमुळे निरुपयोगी ठरलेल्या साधनांची नोंद मात्र क्वचितच होते. संगणकाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. प्रोसेसरच्या प्रत्येक जातीचा स्वतंत्र आज्ञासंच असतो आणि एका आज्ञासंचासाठी तयार झालेले सॉफ्टवेअर दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर थेट चालत नाही. त्यामुळे संगणकनिर्मात्याने प्रोसेसर बदलला की सॉफ्टवेअर उत्पादकाने आपले सॉफ्टवेअर नव्याने सिद्ध करणे क्रमप्राप्त ठरते. त्याने ते केले नाही अथवा विलंबाने केले, तर त्याची झळ वापरकर्त्याला बसते. ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकाने असा बदल तीन वेळा अनुभवला. प्रस्तुत लेखात या तीन स्थित्यंतरांचा आढावा घेऊन वापरकर्त्यांच्या नाराजीचे मूळ शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

पहिले स्थित्यंतर :
१९८४ मध्ये मॅकिंटॉश बाजारात आला तो मोटोरोलाच्या ६८००० या प्रोसेसरसह. १९९१ मध्ये ॲपल, आयबीएम व मोटोरोला या कंपन्या एकत्र आल्या. त्यांच्या सहकार्यातून पॉवरपीसी प्रोसेसर निर्माण झाला आणि मार्च १९९४ मध्ये पॉवर मॅकिंटॉश विक्रीस आला. जुनी सॉफ्टवेअर चालावीत म्हणून जुन्या प्रोसेसरची नक्कल करणारी यंत्रणा संगणकातच दिलेली होती. किंबहुना आरंभी खुद्द कार्यप्रणालीचा मोठा भागही तिच्याच आधारे चालत असे. २००१ मध्ये मॅक ओएस टेन ही नवी कार्यप्रणाली आली, तेव्हा जुन्या सॉफ्टवेअरसाठी 'क्लासिक' नावाची सोय ठेवण्यात आली. परंतु २००६ पासूनच्या इंटेल संगणकांवर ती उपलब्ध नव्हती. पेजमेकर नव्या कार्यप्रणालीसाठी कधीच तयार झाले नाही; त्याची २००१ मधील सातवी आवृत्ती अखेरची ठरली. मराठी अक्षरजुळणीत पेजमेकर दीर्घकाळ रुळलेले असल्याने, एखादे सॉफ्टवेअर असे थांबले म्हणजे काय होते याची कल्पना आपल्या प्रकाशनक्षेत्राला सहज येईल.

दुसरे स्थित्यंतर :
६ जून २००५ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी पॉवरपीसी सोडून इंटेलचे प्रोसेसर स्वीकारण्याची घोषणा केली. ३ गिगाहर्ट्झ वेगाचा संगणक देण्याचे २००३ मधील आश्वासन पूर्ण झाले नव्हते, तसेच जी-५ प्रोसेसर लॅपटॉपमध्ये बसविणेही शक्य झाले नव्हते. जानेवारी २००६ मध्ये पहिले इंटेल मॅक आले आणि ऑगस्टपर्यंत बहुतेक सर्व मालिका बदलली. जुन्या सॉफ्टवेअरच्या आज्ञांचे चालता चालता भाषांतर करणारी 'रोझेटा' ही यंत्रणा सोबत देण्यात आली.

संगणक सात महिन्यांत बदलले; सॉफ्टवेअरला मात्र अधिक काळ लागला. इंटेलसाठी सिद्ध झालेले फोटोशॉप एप्रिल २००७ मध्ये विक्रीस आले. तोपर्यंत छायाचित्रकार व मुद्रक यांना नव्या, वेगवान म्हणून घेतलेल्या संगणकावर जुनी आवृत्ती रोझेटाच्या आधारे संथ गतीने चालवावी लागली. मायक्रोसॉफ्ट ऑफिसची नवी आवृत्ती जानेवारी २००८ मध्ये आली. पण तीतून व्हीबीए मॅक्रोंची सोय वगळलेली होती. ज्यांची गणिते मॅक्रोंवर उभी होती, त्यांना जुने ऑफिस २००४ रोझेटाच्या आधारे चालविणे भाग पडले. ही सोय ऑफिस २०११ या आवृत्तीत, म्हणजे २०१० च्या अखेरीस परत आली.

जुलै २०११ मध्ये आलेल्या 'लायन' आवृत्तीतून रोझेटा काढून टाकण्यात आली. घरगुती जमाखर्च ठेवणारे क्विकन २००७ हे सॉफ्टवेअर त्यामुळे बंद पडले. वर्षानुवर्षांच्या नोंदी सुरक्षित होत्या, पण त्या उघडणारे साधन उरले नाही. उत्पादक कंपनीने लायनवर चालणारी आवृत्ती मार्च २०१२ मध्ये दिली.

तिसरे स्थित्यंतर :
२२ जून २०२० रोजी ॲपलने स्वतःचे प्रोसेसर वापरण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एम-१ प्रोसेसर असलेले संगणक आले. 'रोझेटा-२' बरेचसे भाषांतर आधीच करून ठेवत असल्याने वेगाची तक्रार पुष्कळ कमी झाली. फोटोशॉपही मार्च २०२१ मध्ये सिद्ध झाले. परंतु ड्रॉपबॉक्ससारख्या सतत पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे रूपांतर लांबले. ऑक्टोबर २०२१ मध्ये वापरकर्त्यांचा रोष उघड झाल्यावर कंपनीच्या प्रमुखांनी २०२२ च्या पूर्वार्धाची मुदत जाहीर केली. जून २०२५ मध्ये ॲपलने स्पष्ट केले की, रोझेटा-२ ही सर्वसाधारण सोय म्हणून मॅकओएस २७ पर्यंतच राहील व त्यानंतर तिचा काही भाग जुन्या खेळांपुरता ठेवला जाईल.

कारणमीमांसा :
वरील घटनाक्रमात तीन भिन्न कालगणना दिसतात. संगणकनिर्माता प्रोसेसरच्या प्रगतीनुसार चालतो. सॉफ्टवेअर उत्पादक पुढील विक्रीयोग्य आवृत्तीनुसार चालतो. वापरकर्ता मात्र आपल्या कामाच्या आयुष्यानुसार चालतो, आणि ते आयुष्य दोन्हींपेक्षा दीर्घ असते. भाषांतर-यंत्रणा हा अंतराय तात्पुरता झाकते. जुने सॉफ्टवेअर 'चालते आहे' एवढ्यावर उत्पादकाची निकड कमी होते. सेतू काढला की झाकलेला अंतराय एकाएकी उघडा पडतो.

याची दुसरी बाजूही न्याय्य दृष्टीने पाहिली पाहिजे. जुनी यंत्रणा टिकविणे म्हणजे तिच्यासोबत जुन्या कार्यप्रणालीचे घटक जपणे व त्यांची सुरक्षितता तपासत राहणे होय. अनेक वर्षांची आज्ञावली नव्या साधनांवर नेणे हेही कष्टाचे व खर्चाचे काम आहे. आक्षेप बदलाला नाही. बदलाचा भार ज्याला निर्णयात स्थान नाही त्याच्यावर टाकण्याला आहे.

निष्कर्ष :
१) तिन्ही स्थित्यंतरांत जुन्या सॉफ्टवेअरसाठी सेतू बांधला गेला, पण तो कायमचा राहील असे वापरकर्त्याला गृहीत धरता आले नाही.
२) मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर विलंबाने का होईना नव्या प्रोसेसरवर आली, उत्पादकाने सोडून दिलेली सॉफ्टवेअर सेतूबरोबरच संपली.
३) खरी हानी सॉफ्टवेअरपेक्षा त्यात बंदिस्त झालेल्या मजकुराची असते. म्हणून सेतू शाबूत असतानाच महत्त्वाचे दस्तऐवज खुल्या स्वरूपात रूपांतरित करून ठेवणे इष्ट होय.

समारोप :
१७९९ मध्ये इजिप्तमध्ये सापडलेल्या रोझेटा शिलेवर एकच राजाज्ञा तीन लिप्यांत कोरलेली होती. तिच्या आधारे १८२२ मध्ये शाम्पोलियाँ यांनी चित्रलिपीचा उलगडा केला. ती शिला सुमारे दोन हजार वर्षांनंतरही उपयोगी पडली. तिचे नाव धारण करणारी पहिली यंत्रणा साडेपाच वर्षांत काढून घेण्यात आली. आजचे लेखन उद्याच्या इतिहासकाराचे साधन आहे. ते वाचण्याची किल्ली किती काळ हाती राहील, हा प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञांचा नाही. तो इतिहासाच्या अभ्यासकांचाही आहे.