फक्त स्प्रिंगा बदलून गाडी ‘लो’ केली, तर शॉकअपचं काय होतं?

आखूड लोअरिंग स्प्रिंगा टाकायच्या, शॉकअप मात्र कंपनीचेच ठेवायचे. खर्च वाचतो, लूकही येतो. गडबड नंतर सुरू होते. स्प्रिंग दबली की उसळी मारते आणि ती उसळी आवरणं हे शॉकअपचं काम. लोअरिंग स्प्रिंग सहसा जास्त कडक असते, म्हणून उसळीही जोरदार. मूळच्या मऊ स्प्रिंगसाठी बनवलेला शॉकअप तिला पुरा पडत नाही. गाडी हिंदकळत राहते, खडबडीत वळणावर टायरची पकड सुटू शकते. शिवाय गाडी ४० मिमी खाली बसली, तर शॉकअपला दबायलाही जवळपास तेवढीच जागा कमी उरते. खड्ड्यात तो रबरी बंप स्टॉपवर आदळत राहतो. पुढे सील जाऊन तेल गळू शकतं.

मालवणात हिशोब आणखी अवघड. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी. ४० गेले, उरले १२३. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापातला गतिरोधकच १०० मिमी उंच, गावातल्यांचं तर विचारूच नका. त्यात मे महिन्यात चार माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या!

स्प्रिंगांना जुळणारे शॉकअप घातले की उसळीचा प्रश्न सुटतो, कायद्याचा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.