काळा पतंग आणि पुन्हा मोजणारा माणूस

बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचा धडा वाचलेल्यांना तो पतंग आठवत असेल. इंग्लंडमधला. आधी बहुतेक पांढरे असायचे, मग कारखान्यांच्या धुराने झाडं काळी पडली आणि काळे पतंग वाढले. परीक्षेत दोन-तीन मार्कांना यायचा, आपण लिहायचो आणि विसरून जायचो. पण या गोष्टीचा खरा रंजक भाग पुस्तकात नसतो. अभ्यासात खोट सापडली तर काय करायचं, हे त्यातून कळतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

या पतंगाचं नाव पेपर्ड मॉथ. पांढऱ्या पंखांवर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके. दिवसा तो झाडावर गप्प बसून राहतो. झाडाच्या सालीवर दगडफूल असेल (हो, आपण मसाल्यात घालतो त्याच कुळातलं) तर तो अजिबात दिसत नाही. १८४८ साली मँचेस्टरमध्ये याच जातीचा एक काळाकुट्ट पतंग सापडला. तेव्हा ते एक नवल होतं. १८९५ पर्यंत त्या भागातले ९८ टक्के पतंग काळे झाले होते. मधल्या काळात दगडी कोळशाच्या धुराने दगडफूल मरून गेलं होतं आणि साली काजळीने माखल्या होत्या.

पांढरे पतंग आता उठून दिसतात आणि पक्षी ते टिपून खातात, असा तर्क जे. डब्ल्यू. टट यांनी १८९६ मध्ये मांडला. १९२४ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी कागदावर गणित करून दाखवलं, की इतक्या वेगाने बदल व्हायला काळ्या पतंगांना पांढऱ्यांच्या जवळपास दीडपट फायदा मिळत असला पाहिजे. इतका मोठा फायदा? बऱ्याच लोकांना ते पटेना.

मग १९५३ मध्ये बर्नार्ड केटलवेल यांनी प्रयोग केला. हे मूळचे डॉक्टर, पतंगांच्या नादाने ऑक्सफर्डला आले. बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या रानात त्यांनी खुणा केलेले काळे-पांढरे पतंग सोडले आणि रात्री दिवे लावून परत पकडले. काळ्यांपैकी २७.५ टक्के परत मिळाले, पांढऱ्यांपैकी १३ टक्के. १९५५ मध्ये डॉर्सेटच्या स्वच्छ रानात हेच केलं तर बरोबर उलटं झालं: पांढरे १२.५ टक्के, काळे ६.३ टक्के. प्रयोग जगभर गाजला आणि पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला.

याच सुमाराला दुसरीकडे एक मोठी घटना घडली होती. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर विषारी धुकं बसलं. तेव्हाच्या अंदाजाने चार हजार माणसं गेली, नंतरच्या अभ्यासांत हा आकडा बारा हजारांपर्यंत गेला. सरकारने आधी टाळाटाळ केली, पण १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. धूर कमी व्हायला लागला.

कायद्याचा परिणाम झाला की नाही, हे मोजायचं कसं? लिव्हरपूलजवळ सर सिरिल क्लार्क नावाचे एक डॉक्टर राहत होते. आई निगेटिव्ह रक्तगटाची आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन देतात ना, ते ज्या संशोधनातून आलं त्यातले हे एक प्रमुख. त्यांनी १९५९ पासून आपल्या घराच्या आवारात दिव्याचा सापळा लावून पतंग मोजायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी नव्वद टक्क्यांहून जास्त काळे होते. तीस वर्षांत ते प्रमाण एक तृतीयांशाच्या खाली आलं. हवा स्वच्छ होत होती आणि पतंग त्याची नोंद देत होते.

इथपर्यंत सगळं छान. पण १९९० च्या दशकात केटलवेल यांच्या प्रयोगावर आक्षेप यायला लागले, आणि त्यातले बरेच रास्त होते. त्यांनी पतंग दिवसा सोडले होते, पतंग तर रात्री उडतात. थोड्या जागेत फार पतंग सोडले होते. पुस्तकांतले फोटो बऱ्याचदा मेलेले पतंग खोडावर चिकटवून काढलेले होते. झालं! उत्क्रांती न मानणाऱ्यांनी हाकाटी केली की सगळंच खोटं आहे. २००२ मधल्या एका पुस्तकाने तर केटलवेल यांनी लबाडी केल्याचं सुचवलं. पुढे आकडे तपासले गेले, लबाडीचा पुरावा मिळाला नाही. पण संशय एकदा पसरला की पसरला.

इथे केंब्रिजचे मायकेल मजेरस पुढे आले. प्रयोगातल्या त्रुटी त्यांनी स्वतःच १९९८ च्या आपल्या पुस्तकात मांडल्या होत्या. त्यांचेच मुद्दे वापरून लोक त्यांच्या विषयाला खोटं ठरवत होते. यावर ते भांडत बसले नाहीत. २००१ ते २००७ या काळात त्यांनी आपल्या बागेत प्रयोग नव्याने केला. पतंग रात्री सोडायचे, कमी संख्येने, आणि बसायची जागा पतंगालाच निवडू द्यायची. सकाळी कोण उरलं ते बघायचं, शिवाय खिडकीतून दुर्बिणीने पक्ष्यांवर नजर ठेवायची. असे ४,८६४ पतंग! नऊ जातींचे पक्षी पतंग खाताना दिसले. आणि त्या स्वच्छ बागेत काळ्यांची जगण्याची शक्यता दिवसाला सुमारे नऊ टक्क्यांनी कमी निघाली.

मजेरस २००९ मध्ये वारले. त्यांचे आकडे चार सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. केटलवेल यांची पद्धत कच्ची होती, निष्कर्ष बरोबर होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे आपल्या वादांत कुणी मान्य करतं का? आपल्याकडे एक बाजू एक चूक दाखवून सगळा अहवाल कचऱ्यात टाकते, आणि दुसरी बाजू चूक मान्यच करत नाही. पुन्हा मोजूया, असं कुणी म्हणत नाही.

आणि मोजायला दरवेळी कोट्यवधींची प्रयोगशाळा लागते असंही नाही. ज्यांनी १९२४ चं गणित केलं ते हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. इथल्या तरुणांना ते हेच सांगत की महागड्या यंत्रांची वाट बघू नका, आजूबाजूला बघा आणि मोजा. त्यांच्या एका सहकाऱ्याने पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजल्या, दुसऱ्याने नारळाच्या झावळ्या डावीकडे वळतात की उजवीकडे ते.

हवेची गुणवत्ता सुधारली की बिघडली, यावर पुढचा वाद होईल तेव्हा मजेरस यांची ती बाग आठवा. समोरच्याला एकच प्रश्न विचारा: किती वर्षं मोजलंत, आणि शंका आल्यावर पुन्हा मोजलंत का?