बंदीनंतरची तीस वर्षं

निक्कोला जाऊन तोशोगूच्या तबेल्यावर कोरलेल्या तीन माकडांचा फोटो काढला नाही, असा जपानमधला मराठी माणूस विरळाच! "ही तर आपल्या गांधीजींची माकडं" असं म्हणून आपण मुलांना तिथे एक छोटंसं भाषणही देतो. पण आमच्या त्सुकुबामध्ये माकडांचा एक वेगळा इतिहास आहे. तो फारसा कुणाला ठाऊक नसतो, आणि त्याचा एक धागा थेट दिल्लीपर्यंत जातो. या दिवाळी अंकाच्या निमित्ताने तोच जरा उलगडून बघू या.

त्सुकुबा म्हटलं की अवकाश संस्था, 'केईके'चं कणत्वरक, १९८५ चं एक्स्पो आणि २००५ पासून अकिहाबाराला पाऊण तासात पोचवणारी त्सुकुबा एक्स्प्रेस आठवते. याच शहरात १९७८ साली वैद्यकीय संशोधनासाठी माकडांची पैदास करणारं सरकारी केंद्र सुरू झालं. तिथे मुख्यतः आग्नेय आशियातली खेकडेखाऊ माकडं, जपानीत 'कानिकुई-झारू', वाढवली जातात. त्यांची संख्या हजाराहून जास्त आहे. आता १९७८ हे साल लक्षात ठेवा, कारण त्याच वर्षी १ एप्रिलपासून भारताने लाल तोंडाच्या माकडांची निर्यात पूर्णपणे बंद केली.

ही निर्यात किती मोठी होती याची आज कल्पना येत नाही. १९५५ मध्ये साल्क यांची पोलिओची लस आली. तिचा विषाणू वाढवायला माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशी लागत, आणि लशीची तपासणीही माकडांवरच होई. त्यामुळे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतातून वर्षाला लाखाहून जास्त माकडं परदेशी जात होती. उत्तर भारतात फासेपारध्यांसारख्या लोकांनी ती पकडायची, पिंजऱ्यात कोंबायची आणि विमानात चढवायची. जानेवारी १९५५ मध्ये लंडनच्या विमानतळावर अशी ३९४ माकडं एका बंद गाडीत गुदमरून मेली. भारतात संताप उसळला आणि सरकारने निर्यात थांबवली. पण पोलिओची लस अडून राहू नये म्हणून थोड्याच काळात ती पुन्हा सुरू झाली. अट अशी होती की माकडं फक्त वैद्यकीय संशोधनासाठी आणि लशीसाठीच वापरायची.

पुढे १९७० च्या दशकात उघड झालं की अमेरिकेत लष्करी संस्थेच्या किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत माकडं वापरली जात आहेत. शर्ली मॅकग्रील या बाईंनी १९७३ मध्ये स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हे प्रकरण लावून धरलं आणि पंतप्रधान मोरारजी देसाईंपर्यंत पोचवलं. डिसेंबर १९७७ मध्ये बंदी जाहीर झाली. मोरारजींच्या स्वभावाबद्दल आपल्या वडीलधाऱ्यांची काहीही मतं असोत, या एका निर्णयावर ते ठाम राहिले.

त्सुकुबाचं केंद्र या बंदीमुळेच निघालं असं मी म्हणणार नाही. एवढी मोठी संस्था चार महिन्यांत उभी राहत नाही. पण जंगलातून मिळणारी माकडं पुढे पुरणार नाहीत, आपली आपण वाढवावी लागतील, हे त्या दशकात सगळ्याच प्रगत देशांना कळून चुकलं होतं. म्हणजे दिल्लीत दार बंद होत होतं आणि इथे पाळणा हलत होता! बंदीने आपली माकडं वाचली, मागणी मात्र तशीच राहिली. ती दुसऱ्या देशांकडे, दुसऱ्या जातींकडे वळली.

इथपर्यंतचा इतिहास पुस्तकांत सापडतो. खरा प्रश्न पुढचा आहे. जी माकडं आधीच माणसाच्या हाती आली, त्यांचं काय करायचं? माणसाजवळ वाढलेलं माकड जंगलात सोडता येत नाही. त्याला खाणं शोधता येत नाही आणि दुसऱ्या माकडांची भाषाही कळत नाही. आणि लाल तोंडाचं माकड नीट सांभाळलं तर पंचवीस-तीस वर्षं जगतं. आमच्या धंद्यात एक म्हण झाली आहे : सॉफ्टवेअर लिहायला एक वर्ष, मेंटेनन्स पंधरा वर्षं. इथेही हिशेब तोच आहे.

जपानने हा धडा सावकाश गिरवला. १९७० आणि ८० च्या दशकांत हेपटायटिसच्या संशोधनासाठी आफ्रिकेतून शंभराहून जास्त चिंपांझी इथे आणले गेले. २००६ मध्ये त्यांच्यावरचे शरीराला इजा करणारे प्रयोग थांबले. २००७ मध्ये कुमामोतो प्रांतातल्या उतो इथे, जिथे एका औषध कंपनीची प्रयोगशाळा होती तिथेच, त्यांचं आश्रयस्थान झालं. २०११ पासून ते क्योतो विद्यापीठाकडे आहे. २०१२ मध्ये प्रयोगशाळेतले शेवटचे तीन चिंपांझी तिथे पोचले, आणि जपानमधला तो अध्याय संपला.

घरात पाळलेल्या माकडांची गोष्ट मात्र संपलेली नाही. पिल्लू असताना माकड बाळासारखं बिलगतं. चार-पाच वर्षांत ते वयात येतं, चावू लागतं आणि मालकाला नकोसं होतं. मोठ्या डोळ्यांच्या स्लो लोरिसला जपानमध्ये फार मागणी होती. तो चावला तर विषबाधा होते, म्हणून बाजारात त्याचे दात कापून टाकतात. २००७ मध्ये त्याच्या सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. जप्त केलेल्या लोरिसांपैकी काहींना १९५६ साली स्थापन झालेल्या इनुयामाच्या जपान मंकी सेंटरने सांभाळलं. जपानने २००५ पासून पाळण्यासाठी माकडं आयात करायला बंदी केली, आणि जून २०२० पासून मकाकसारखी मोठी माकडं हौसेखातर नव्याने पाळणंही बंद केलं. छोटे मार्मोसेट आणि स्क्विरल मंकी त्या यादीत नाहीत. ते आजही पाळता येतात.

आश्रयस्थान चालवणं म्हणजे नुसती केळी घालणं नव्हे. नवीन प्राणी आला की आधी त्याला वेगळं ठेवायचं आणि क्षयाची तपासणी करायची. मग जाळीआडून त्याची इतरांशी ओळख करून द्यायची. एकट्याने वाढलेल्याला कळपात मिसळायला कित्येक महिने लागतात. खाणं लपवून ठेवायचं, म्हणजे शोधण्यात त्याचा दिवस जातो. आणि पिल्लं होऊ द्यायची नाहीत, कारण पुढची पिढीही पिंजऱ्यातच जन्मेल. आपले रहिवासी कमी होत जावेत आणि एक दिवस जागा रिकामी व्हावी, अशी इच्छा धरून चालवायची ही संस्था असते. इंग्लंडमधलं मंकी वर्ल्ड (१९८७) आणि हॉलंडमधलं 'आप' (१९७२) यांनाही हेच करावं लागतं.

ही जबाबदारी कुणी घेतली नाही तर काय होतं, तेही इथून जवळच दिसतं. आमच्या शेजारच्या चिबा प्रांतात, माणसाने आणलेल्या आणि मग मोकळ्या सुटलेल्या लाल तोंडाच्या माकडांचा जपानी माकडांशी संकर झाला. २०१७ मध्ये तिथल्या एका प्राणिसंग्रहालयातली अशी ५७ संकरित माकडं कायद्यानुसार मारून टाकली गेली. जन्माला येण्यात त्या बिचाऱ्यांचा काय दोष होता?

आपल्या महाराष्ट्रात याचं उत्तर फार आधी एका डॉक्टरने दिलं. लोकबिरादरी प्रकल्प डिसेंबर १९७३ मध्ये हेमलकशाला सुरू झाला. तिथे सुरुवातीच्या काळात डॉ. प्रकाश आमटे यांना शिकार करून परतणारे माडिया लोक भेटले. मेलेल्या माकडिणीला तिचं जिवंत पिल्लू अजून चिकटलेलं होतं. आमट्यांनी ते मागून घेतलं, आणि तीच त्यांची बबली. उपाशी माणसाला "शिकार करू नका" असं सांगण्यात अर्थ नव्हता. म्हणून त्यांनी सांगितलं की अनाथ पिल्लं आमच्याकडे आणा, बदल्यात आम्ही धान्य देऊ. त्यातून बिबटे, अस्वलं, हरणं असं मोठं गोकुळ जमलं. माणसांचा दवाखाना आणि प्राण्यांचं अनाथालय एकाच अंगणात उभं राहिलं. २००८ मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

२०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आपल्या पिढीच्या लसीकरणामागे ती पिंजऱ्यातली माकडंही आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच हा हिशेब आपल्याही खात्यावर येतो. मोरारजींची एक सही महत्त्वाची होतीच. पण सही एका दिवसात होते, पाणी-खाणं मात्र रोज द्यावं लागतं. इथल्या पेट शॉपमध्ये काचेमागचा मार्मोसेट पाहून मुलांनी "बाबा, घेऊ या ना!" असा हट्ट धरला, तर त्यांना नुसतं "नको" म्हणू नका. तो किती वर्षं जगेल आणि तोवर तुम्ही कुठे असाल, हे त्यांना बोटांवर मोजायला सांगा. उत्तर मुलं स्वतःच देतात.