७-३ : धुलाई झाली, पण कोणाची?

आजची गोष्ट १८ मे १९६० ची. ग्लासगोचं हॅम्पडेन पार्क, सव्वा लाखाहून जास्त प्रेक्षक आणि युरोपियन कपची फायनल. एकीकडे रेआल माद्रिद. स्पर्धा सुरू झाल्यापासून चारही कप त्यांचेच. दुसरीकडे जर्मनीचं आइनट्राख्ट फ्रँकफर्ट. वर्षभरापूर्वी पहिल्यांदाच देशाचे चॅम्पियन झालेले.

पण त्यांना लिंबूटिंबू समजू नका हं. सेमीफायनलच्या दोन मॅचमध्ये त्यांनी ग्लासगोच्याच रेंजर्सवर १२ गोल ठोकले होते! फायनलचा पहिला गोलही त्यांचाच, १८ व्या मिनिटाला क्रेसने मारलेला.

आणि मग दि स्तेफानो आणि पुश्काश सुटले. दोघंही ३३ वर्षांचे. दि स्तेफानोचे ३, पुश्काशचे ४.

खरं तर ही मॅच होणारच नव्हती. १९५४ च्या जर्मन वर्ल्डकप टीमने ड्रग्ज घेतले, असा आरोप पुश्काशने केला होता. त्यामुळे जर्मन फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांना त्याच्याविरुद्ध खेळायला बंदी घातली होती. त्याने लेखी माफी मागितली, तेव्हा कुठे मार्ग मोकळा झाला.

आता स्कोअरच्या मागे बघू. रेआलने अर्जेंटिना, हंगेरीतून हिरे आणलेले. जर्मनीत तेव्हा देशभराची एक लीगसुद्धा नव्हती. बुंडेसलीगा सुरू झाली १९६३ मध्ये. तरी ६-१ ने मागे पडल्यावरही फ्रँकफर्टच्या स्टाइनने दोन गोल केले.

स्कोअरबोर्ड फक्त आउटपुट दाखवतो मित्रांनो. समोर कोण होतं आणि शेवटपर्यंत कोण लढलं, हे कळायला अख्खी मॅच बघावी लागते.